चेटकिणींचा दोष किती?

शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथला चेटकिणींनी बिघडवले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. त्यांचे राजपदाचे भाकीत त्याचा सोबती बँकोही ऐकतो, त्याच्या वंशाला तर राजपद मिळणार असते. तरी तो खुनाची वाट धरत नाही. शेक्सपिअरने ज्या होलिनशेडच्या इतिहासातून कथा घेतली, त्यात बँको राजा डंकनच्या खुनात सामील आहे. नाटकात तो नाही. बँकोला पूर्वज मानणारा जेम्स तेव्हा गादीवर होता, हेही त्यामागे असेल. पण त्यामुळे एकाच मोहापुढे दोन माणसे किती वेगळी वागतात, हे ठसठशीत दिसते. मग लेडी मॅकबेथचे काय? डंकनच्या खुनासाठी ती नवऱ्याला डिवचते, हे खरे. पण बँकोवर मारेकरी घालताना तो तिला काही कळू देत नाही, आणि सरदार मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल त्याच्याच हुकमाने होते. या रक्तपाताचा धनी मॅकबेथच आहे.