फुकट चित्रफितींचा धंदा आणि कायद्याचा फास
कॅनडातील माँट्रियल शहरात 2007 मध्ये सुरू झालेल्या पॉर्नहबने प्रौढ मनोरंजनाचा बाजार उलटापालटा केला; चित्रफिती कोणीही चढवाव्यात, कोणीही फुकट पाहाव्यात आणि कमाई जाहिरातींतून व्हावी, या पद्धतीपुढे त्या विकणाऱ्या निर्मात्यांचा टिकाव लागेना, आणि डिजिटल प्लेग्राउंडसारख्या संस्था पुढे पॉर्नहबच्याच मालक कंपनीने विकत घेतल्या. 2013 पासून ही कंपनी माइंडगीक या, धंद्याचा मुळीच सुगावा लागू न देणाऱ्या नावाने वावरू लागली.

ज्या मोकळिकीवर भरभराट झाली, तीच अंगाशी आली. अल्पवयीनांच्या आणि संमतीविना चढवलेल्या दृश्यांवर डिसेंबर 2020 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बोट ठेवताच व्हिसा व मास्टरकार्ड यांनी कार्डव्यवहार थांबवले, आणि पीडितांच्या वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे साधले नव्हते ते अवघ्या दहा-बारा दिवसांत घडले : ओळख न पडताळलेल्या खात्यांवरच्या लाखो चित्रफिती हटवल्या गेल्या. 2023 मध्ये मालकी बदलून कंपनी आयलो झाली. त्याच वर्षी, तरुणींना फसवून चित्रीकरण करणाऱ्या गर्ल्सडूपॉर्नकडून मिळालेल्या पैशांबाबत तिने अमेरिकी सरकारी वकिलांशी, अटी पाळल्यास खटला टळेल असा, करार केला. टेक्साससारख्या राज्यांनी प्रेक्षकाच्या वयाची पडताळणी सक्तीची केल्यावर कंपनीने तेथील सेवाच बंद केली. टेक्सासचा तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये वैध ठरवला.