ओढ्यापलीकडची तीन घरं

आज हप्ते-व्याज थोडं बाजूला ठेवू आणि एका सिनेमाची गोष्ट ऐकू. सिनेमा जपानचा, १९५४ सालचा. नाव ‘सेव्हन सामुराई’, म्हणजे सात सामुराई. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. काळा-पांढरा आणि जवळजवळ साडेतीन तासांचा. आपण सगळ्यांनी पाहिलेल्या ‘शोले’वर याच सिनेमाची छाप आहे.

गोष्ट सोळाव्या शतकातली. डोंगरातलं एक गरीब गाव. जवाचं पीक हाती आलं की चाळीस दरोडेखोर लुटायला येणार, हे गावाला कळतं. गावचे म्हातारबाबा सांगतात, सामुराई आणा. सामुराई म्हणजे तलवार चालवणारे लढवय्ये. पण त्यांना द्यायला पैसे कुठले? बाबा म्हणतात, मग भुकेले सामुराई शोधा. मोबदला एकच, पोटभर भात. तो भात त्यांना देता यावा म्हणून शेतकरी स्वतः राळ्या-वरीसारखं भरड धान्य खाऊन राहतात.

सात जण मिळतात. त्यांचा म्होरक्या कांबेई सगळं गाव फिरून बघतो आणि लढाईचा बेत आखतो. ओढ्यापलीकडे तीन घरं असतात. अलीकडे वीस. कांबेई म्हणतो, ती तीन घरं राखता येणार नाहीत, सोडावी लागतील. त्या घरांची माणसं चिडतात, हातातले भाले टाकून देतात. आमचं घर आम्हीच राखू म्हणतात आणि निघतात. कांबेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो. जो फक्त स्वतःपुरतं बघेल, तो स्वतःलाही वाचवू शकणार नाही, असं तो सगळ्यांना बजावतो.

या सिनेमात बायांचं दुःखही आहे. एक बाप सामुराईंच्या भीतीनं लेकीचे लांब केस कापतो आणि तिला मुलाचे कपडे घालतो. राखायला आलेल्यांचीच भीती! दुसऱ्या एकाची बायको दरोडेखोरांनी पळवून नेलेली असते. त्यांच्या अड्ड्याला आग लागते, ती जीव वाचवून बाहेर येते. पण समोर नवरा दिसताच मागे वळून पुन्हा आगीत शिरते. तिला घरी परत यायचं तोंड उरलं नाही, असं का वाटलं असेल? अपराध तिचा होता का?

शेवटी गाव वाचतं, पण सातांपैकी चार सामुराई मरतात. बायका गाण्याच्या ठेक्यावर भातलावणी करत असतात. ते बघून कांबेई म्हणतो, जिंकले ते शेतकरी, आपण नाही.

मैत्रिणींनो, गटात एखादीचा हप्ता थकला की आपण पटकन म्हणतो, “माझा मी भरला, तिचं ती बघेल.” हे म्हणजे भाला टाकून आपल्या घराकडे निघणंच झालं. पण त्या तीन घरांचा राग खोटा नव्हता, हेही विसरू नका. सगळ्यांसाठी ज्यांचं घर जातं, त्यांना आपल्या घरात जागा द्यायची जबाबदारी बाकीच्या विसांची असते.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढंच विचारू या: आपल्या गटात ओढ्यापलीकडे कोण राहिलंय?