घास अडकतो? नळीच्या तपासणीस जाण्यापूर्वी



घास छातीत अडकतो, कधी पाणीसुद्धा उतरेना, अशी तक्रार असली की आपल्याकडील माणूस घाट उतरून पनवेल गाठतो किंवा पुढे मुंबईस जातो. तेथे दुर्बिणीच्या तपासणीत अडथळा सापडला नाही, तर डॉक्टर 'मॅनोमेट्री' सांगतात. नाकातून बारीक नळी जठरापर्यंत घालून अन्ननलिकेतील दाब मोजतात. आपण उपसा पाइपलाइनवर दाबाचे घड्याळ बसवतो, तसेच हे. तळाची झडप घासासाठी उघडतच नसेल तर त्या रोगास अकॅलेशिया म्हणतात. त्यावर झडपेचा स्नायू ताणतात किंवा कापतात. एकदा कापला की पूर्ववत होत नाही. म्हणून आकडा खरा हवा.

पहिली चूक प्रवासातच होते. साधारण सहा तास पोट रिकामे हवे, आणि घाटात गाडी थांबली की आपला चहा-वडापाव ठरलेला! भरल्या पोटी उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दुसरी चूक गोळ्यांची, आणि ती फार फसवी. कंबरदुखीवर दिलेल्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांमुळे झडप आवळलेली दिसू शकते, अगदी अकॅलेशियासारखी. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्या उलट ती सैल करतात. सबब चालू गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून आधीच डॉक्टरांना दाखवावीत. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.

तपासणीत झोपवून दहा वेळा चमचाभर, म्हणजे 5 मि.लि., पाणी देतात. एका घोटास एकदाच गिळावे. लगेच पुन्हा गिळले की पहिली लाट तिथेच थांबते आणि धडधाकट अन्ननलिकाही कमजोर दिसते. दोन घोटांच्या मध्ये आवंढाही गिळायचा नाही, हे जड जाते खरे. भूल देत नाहीत, नाक-घसा चुरचुरतो. सहन होईना तर हात वर करावा, नळी ओढू नये.

नळी मध्येच दुमडली नाही ना, टोक झडपेखाली उतरले ना, हे पाहणे तंत्रज्ञाचे काम. 2021 च्या शिकागो वर्गीकरणानुसार घोट झोपून व बसून, दोन्ही प्रकारे घेतात. तसे घेणार का, हे विचारण्यात संकोच कसला?

दुर्बिणीची तपासणी टाळून थेट मॅनोमेट्री उरकू नये. जठराच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ असली तरी आलेख अकॅलेशियासारखा येऊ शकतो. निघताना अहवालासोबत आलेखाची प्रतही मागून घ्यावी; दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा झाल्यास तीच कामी येते.