केसाळ सोबती आणि महागडे यंत्र

खेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत धूळ तांबडी असते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सारेच ओले असते. जांभ्याची जमीन, शहराला बिलगून वाहणारी जगबुडी, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस आणि भरणे नाक्यावरून धावणारा मुंबई-गोवा महामार्ग, या सर्वांची नोंद अखेर घराच्या फरशीवर होते. त्या घरात कुत्रा किंवा मांजर नांदत असेल, तर केसांची आणखी एक रक्कम त्या खात्यात रोज जमा होते.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. कुत्रा अंगणात राही, पावसाळ्यात पडवीत येई. मांजर माजघरापर्यंत पोहोचे, पण त्याचे केस खराट्याने किंवा केरसुणीने निघून जात. सारवलेल्या जमिनीवर किंवा कोब्यावर याहून अधिक कशाची गरजही नव्हती. आता सदनिकांना पडवी उरलेली नाही. कुत्रा थेट दिवाणखान्यात, किंबहुना सोफ्यावर आला. तोही बहुधा लॅब्राडोरसारखा दुहेरी आवरणाच्या केसांचा, थंड मुलखातला. कोकणच्या दमट हवेत त्याचे केस बारा महिने गळत राहतात.

मग घरात कोणाला शिंका सुरू होतात, नातवाला धाप लागते, आणि एके दिवशी प्रश्न उभा राहतो: चाळीस-पन्नास हजारांचे व्हॅक्यूम क्लीनर घ्यावे, की इतकी वर्षे सांभाळलेले मुके जनावर दुसऱ्याच्या दारी सोडावे? हा प्रश्न केवळ खरेदीचा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर विक्रेत्याच्या पत्रकावर सोडणे योग्य ठरत नाही.

या यंत्राचा जन्म कोणत्या गरजेतून झाला, हे ध्यानात घेतले तर अर्धे उत्तर मिळते. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडविण्याऐवजी ओढून घेण्याची कल्पना मांडली. असे सांगतात, की त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली आणि रुमालाच्या खालच्या बाजूस जमलेला मळ पाहून त्याची खात्री पटली. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार होता. त्याला दम्याचा विकार होता आणि दुकानातील गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नसे. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने घरगुती यंत्र तयार केले. १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि हूव्हर या चामड्याच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतले.

ही दोन्ही यंत्रे गालिच्यासाठी जन्मली. थंड देशांत घर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिच्याने मढविलेले असते, आणि केस त्याच्या धाग्यांत रुततात. तेथे जोरदार ओढ आणि फिरता ब्रश यांना पर्याय नाही. खेडच्या घरात गालिचा क्वचितच आढळतो. आढळतात त्या टाइल्स, शहाबादी फरशी, कोबा. या गुळगुळीत पृष्ठभागावरून केस उचलण्यास अफाट शक्ती लागत नाही. उलट कठीण ब्रशाचा फिरता रूळ फरशीवर केस गोळा करण्यापेक्षा इतस्ततः उडवितोच अधिक. महागड्या यंत्राची जी शक्ती पत्रकात ठळक छापलेली असते, तिचा मोठा भाग येथे वापरलाच जात नाही.

शक्तीच्या आकड्यांविषयीही सावध असावे. भारतात १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सने घरोघरी प्रात्यक्षिके दाखवून हे यंत्र मध्यमवर्गाच्या परिचयाचे केले. ‘किती वॅटचे?’ हा प्रश्न ग्राहकाच्या तोंडी अजूनही बसलेला आहे. प्रत्यक्षात वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते, याचा आकडा; ती किती धूळ ओढते, याचा नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती यंत्रांवर १,६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. तेथील घरे त्यामुळे अस्वच्छ राहिली नाहीत.

मग जादा पैसे कशासाठी मोजावेत? याचे उत्तर शिंका आणि धाप यांच्या कारणात आहे. बहुतेकांची समजूत अशी, की ॲलर्जी केसांची असते. वस्तुतः त्रास देणारी प्रथिने प्राण्याच्या लाळेत, त्वचेच्या तैलग्रंथींत आणि कोंड्यात असतात; केस हे केवळ त्यांचे वाहन. मांजर अंग चाटते, लाळ सुकते आणि तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. मांजर घरातून गेल्यानंतरही ही प्रथिने गाद्या-पडद्यांत कित्येक महिने टिकतात. जनावर दूर केले की दुसऱ्या दिवशी श्वास मोकळा होईल, ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते.

येथे स्वस्त यंत्राची खरी उणीव दिसते. ते केस ओढते, पण सूक्ष्म कण मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत सोडते. केर काढल्यावर घर स्वच्छ दिसते आणि नातवाचा खोकला मात्र वाढतो. हे टाळण्यासाठी ‘हेपा’ दर्जाची गाळणी लागते. खऱ्या हेपा गाळणीने ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवावेत, असा अमेरिकेतील दंडक आहे. परंतु गाळणी उत्तम आणि यंत्राची जोडणी ढिली, तर हवा गाळणीला वळसा घालून फटींतून निसटते. म्हणून ‘हेपा’ एवढाच शब्द पाहून भागत नाही. संपूर्ण यंत्र हवाबंद आहे का, हे विचारावे लागते. बूथचा रुमाल येथेही उपयोगी पडतो: दुकानात यंत्र सुरू करून बारीक पीठ ओढावयास सांगावे आणि मागच्या झरोक्यावर ओलसर गडद रुमाल धरावा. रुमालावर पांढरी छटा उमटली, तर किंमत काहीही असो, दम्याच्या घरात त्या यंत्राला स्थान नाही.

आता थोडा जमाखर्च. समजा, बिनतारी यंत्र ४५,००० रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे चालले. वर्षाचा घसारा ९,००० रुपये. तीच रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत असती, तर पहिल्या वर्षाचे व्याज ३,१५० रुपये. एकूण १२,१५०. आठवड्यातून तीनदा, म्हणजे वर्षातून १५६ वेळा वापरले, तर एका वापराला सुमारे ७८ रुपये पडतात. ९,००० रुपयांचे साधे तारेचे यंत्र सहा वर्षे चालले, तर याच रीतीने एका वापराचा खर्च सुमारे १४ रुपये येतो. यात बिनतारी यंत्राची बॅटरी धरलेली नाही; ती दोन-चार वर्षांनी मंदावते आणि नवी घ्यायची तर काही हजार मोजावे लागतात. सर्वाधिक ओढीवर ती जेमतेम दहा मिनिटे टिकते, हेही पत्रकात बारीक अक्षरांतच असते. पावसाळ्यात वीज गेली असता ती उपयोगी पडते, एवढे मात्र तिच्या बाजूने मांडावयास हवे.

‘विनाव्याज हप्ता’ या शब्दानेही भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बँकांना आक्षेप कळविला होता. कारण व्याज कोठे ना कोठे दडलेलेच असते. रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळाली असती ती हप्त्याच्या ग्राहकास मिळत नाही, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे.

स्वयंचलित रोबोची हौस तर खेडच्या जुन्या घरांनी करूच नये. साधारण दोन सेंटिमीटरहून उंच अडथळा त्याला ओलांडता येत नाही, आणि कोकणातल्या घराला उंबरठा असतो. पिल्लाने रात्री फरशी खराब केली असेल, तर तो ती घाण घरभर सारवून ठेवतो, हा निराळाच प्रसंग.

जैन घरात आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो विचारला जावा. या ओढीत मुंग्या, पिसवा सापडल्या तर? ओहायो स्टेट विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यंत्राने ओढलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्याचे आढळले. लहान अवस्थांतील तर एकही वाचली नाही. विक्रेता हा यंत्राचा गुण म्हणून सांगेल. जयणा पाळणाऱ्या घराला मात्र तो अडचणीचा वाटेल. त्यावर व्यवहार्य मार्ग एवढाच, की पिसवांची पैदास होऊच नये अशी निगा ठेवणे आणि यंत्र लावण्याआधी कोपरे मऊ पुंजणीने हलक्या हाताने झाडून पाहणे. पिसू अंडी प्राण्याच्या अंगावर घालते, पण ती गळून अंथरुणात, फटींत पडतात. म्हणून कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला धुऊन उन्हात घालावे. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा अंथरुणाचे दोन-तीन जोड हवेत.

केसांचा प्रश्नही मुळाशीच सुटतो. रोज दहा मिनिटे अंगणात किंवा गच्चीत विंचरले, तर जे केस सोफ्यावर पडणार होते त्यांतले बरेचसे कंगव्यातच राहतात. सोफ्याला धुता येणारी आवरणे घालावीत. कापडावरचे केस ओलसर रबरी हातमोज्याने चटकन गोळा होतात, आणि त्याला वीज लागत नाही. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली, तर सूक्ष्म कण उडत नाहीत.

एवढे करूनही ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, गाद्या आणि गुबगुबीत सोफे अधिक आहेत, तेथे चांगल्या, हवाबंद, हेपा गाळणीच्या यंत्रावर खर्च करणे रास्त आहे. कापडासाठी मोटरवर फिरणारा छोटा ब्रश असावा. असे यंत्र तारेचे घेतल्यास बिनतारीपेक्षा बरेच कमी किमतीत मिळते. श्वासाच्या विकारावर डॉक्टरांचा सल्ला आधी, यंत्र नंतर. इतर घरांना साधे यंत्र, किंवा केरसुणी आणि ओले फडके, पुरेसे आहे.

घेण्यापूर्वी सेवा केंद्राची चौकशी अवश्य करावी. दुरुस्ती खेडमध्ये होते, चिपळूणला न्यावे लागते की मुंबईला पाठवावे लागते, यावर यंत्राचे खरे मोल ठरते. गाळण्या व पिशव्या सहज मिळतात का, हेही पाहावे. पावसाळ्यात दमट केस यंत्राच्या डब्यात दोन दिवस राहिले, तरी त्यांना बुरशी येते आणि पुढच्या वेळी तीच दुर्गंधी घरभर पसरते. डबा त्याच दिवशी रिकामा करावा, धुतलेली गाळणी पूर्ण वाळल्याखेरीज बसवू नये.

आणि यंत्र घरी आले की ते लगेच सुरू करू नये. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत, मांजराला साठ हजारांच्याही पलीकडे. आपल्याला जी घरघर वाटते, ती त्यांच्या कानी किंकाळी असू शकते. दोन-तीन दिवस यंत्र बंद ठेवून कुत्र्याला ते हुंगू द्यावे, मग दुसऱ्या खोलीत दार लावून थोडा वेळ चालवावे. मांजराला त्या वेळी बाहेर पडण्यास एखादी वाट मोकळी असावी.