साडेसातला काटा कुठे?

व्हॉल्व्हच्या रेडिओला घाई चालत नसे. बटण पिळलं की आतल्या काचेच्या नळ्या तापायलाच अर्धा-एक मिनिट जाई. मग आधी गुरगुर, मग शिट्टी, आणि त्या शिट्टीतून कुठूनतरी माणसाचा आवाज. समोरच्या उजळलेल्या काचेवर गावांची नावं छापलेली असत. दिल्ली, लंडन, बर्लिन, टोकियो. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या राजधान्या तिथे बोटाबोटाच्या अंतरावर नांदत होत्या. 1942 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत संध्याकाळी हा काटा कोण फिरवतं आणि कुठे थांबवतं, याला भलतंच महत्त्व आलं होतं.

घरोघरी रेडिओ अर्थातच नव्हता. परवान्याचेच वर्षाला 10 रुपये पडत, आणि 10 रुपये ही तेव्हा हसण्यावारी नेण्याची रक्कम नव्हती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हासुद्धा सबंध देशात पावणेतीन लाखांच्या आसपास संच होते. त्यामुळे एका बिऱ्हाडातला रेडिओ सगळ्या मजल्याचा. घरचे आत, शेजारी दारात, पोरं गॅलरीत. बटणाला हात लावायचा मान मात्र मालकाचा. गच्चीवर दोन खांबांमध्ये ताणलेली तांब्याची तार जितकी लांब आणि उंच, तितके परदेशातले आवाज स्वच्छ. तार पाहून आत कोणत्या ऐपतीचा आणि कोणत्या नादाचा माणूस राहतो, याचा अंदाज बांधता येई.

ऐकायला मिळे ते काय? पहिला हक्क अर्थात ‘ऑल इंडिया रेडिओ’चा. त्याच्या ओळखधुनेचं श्रेय वॉल्टर काउफमन या ज्यू संगीतकाराला दिलं जातं. हिटलरच्या छायेतून निसटून तो मुंबईत आला आणि इथल्याच केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागला. धून निर्वासिताची, बातम्या सरकारच्या. 9 ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, त्यानंतर देशात काय पेटलं आहे ते या बातम्यांवरून कळण्याची सोय नव्हती. वर्तमानपत्रांवरही बंधनं आली होती, काहींनी छपाईच थांबवली होती.

लंडनची गोष्ट जरा वेगळी. 1942 च्या मार्चपासून बीबीसी मराठीतूनही बोलू लागली होती. तिथल्या पूर्वेकडच्या विभागात जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता आणि तो इंग्रजीत लिहून देई त्या युद्धवार्तापत्रांची मराठी, गुजराती, बंगालीत भाषांतरं होत. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्याच विभागात त्याच्याबरोबर काम करत होत्या. सिंगापूर पडलं, रंगून पडलं, हे बीबीसीने लपवलं नाही. हरल्याचं कबूल करणाऱ्याचं पुढचं बोलणंही लोक जरा अधिक विश्वासाने ऐकतात, एवढी समज त्या संस्थेला होती. तरी हिंदुस्थानबद्दल बोलताना तोच आवाज सरकारी होई, आणि ते इथल्या श्रोत्याच्या कानातून सुटत नसे.

मग काटा बर्लिनकडे. सुभाषबाबूंचं ‘आझाद हिंद रेडिओ’ तिथून चाले. त्यांचा आवाज ऐकणं हे चोरट्या सुखासारखं होतं. दार ओढून घ्यायचं, आवाज बारीक करायचा. ऐकलेलं बाहेर जाऊन सांगणं तर आणखी जोखमीचं, कारण युद्धाविषयी ‘घातक’ वार्ता पसरवल्याबद्दल भारत संरक्षण नियमांखाली पोलीस उचलू शकत. पण 1942 च्या मार्चअखेरीला जे घडलं, त्याने या सगळ्या ऐकण्याचीच परीक्षा घेतली. सुभाषबाबू विमान अपघातात गेल्याची बातमी रॉयटरने दिली. गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तार केली. आणि थोड्याच दिवसांत सुभाषबाबू स्वतः रेडिओवर बोलले. मेलेला माणूस बोलतो आहे म्हणजे बातमी खोटी, यासाठी कुणा संपादकाची गरज उरली नाही. गांधीजींनीही मग आनंदाची तार पाठवली.

बर्लिनचं मात्र सगळं खरं मानायचं असंही नाही. जर्मन रेडिओने बुडवलेल्या जहाजांचे आकडे सांगावेत आणि श्रोत्यांनी त्यातून आपापल्या अंदाजाने वजावट करावी, असाच हा व्यवहार होता. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं पायपीट करत परतत होती. रेडिओ काय म्हणतो आणि तिथून आलेला माणूस काय सांगतो, हे ताडून पाहता येई. एकाकडून ऐकायचं, दुसऱ्याकडून पडताळायचं, तिसरा कशाबद्दल गप्प बसला आहे ते टिपायचं, आणि मग चाळून जे हाती उरेल ते खरं धरायचं. आपण रेडिओच्या इतिहासात बोलणाऱ्यांचीच नावं लिहून ठेवतो. माझ्या मते त्या वर्षीचे खरे वार्तासंपादक रेडिओभोवती बसलेले होते.

अशा कानांसाठी 27 ऑगस्ट 1942 ला काचेवर नाव नसलेलं एक केंद्र सुरू झालं. 42.34 मीटरवर, हिंदुस्थानात कुठूनतरी, अशी स्वतःची ओळख सांगणारं ‘काँग्रेस रेडिओ’. ते चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. सोबत बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई आणि चंद्रकांत झवेरी, साहित्याची मदत ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीच्या नानक मोटवानींची, मार्गदर्शन राममनोहर लोहियांचं. अच्युतराव पटवर्धनांचंही पाठबळ होतं.

सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ असणारं प्रसारण पुढे फक्त साडेसात ते साडेआठ एवढंच उरलं. संध्याकाळच का, याचं अर्धं उत्तर आकाशात आहे. दिवसा उन्हामुळे आयनांबराचा सर्वांत खालचा थर या पट्ट्यातल्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. त्याच सप्टेंबरपासून युद्धापायी सरकारी घड्याळ तासभर पुढे सरकवलेलं होतं. म्हणजे घड्याळात साडेसात होत, तेव्हा मुंबईत सूर्य नुकता कुठे बुडालेला असे. उरलेलं अर्धं उत्तर साधं आहे: माणसं घरी आलेली असत. शिवाय 42.34 मीटर म्हणजे साधारण 7,080 किलोसायकल. हा हौशी वायरलेसवाल्यांचा पट्टा. त्यांचे परवाने सरकारने युद्ध सुरू होताच काढून घेतले होते, पण लघुलहरी पकडणाऱ्या घरगुती संचावर ती जागा लागत होती. श्रोत्याला नवं काही विकत घ्यावं लागलं नाही.

या केंद्राची बातमीदारी ही त्याची खरी कमाई. चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातल्या घडामोडी. आणि आपल्याला जवळचं म्हणजे आष्टी-चिमूर. 16 ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात उठाव झाला, त्यानंतर लष्कर आणि पोलिसांनी चिमुरात जे केलं ते छापायची वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. निरोप्यांच्या तोंडून हकिकत मुंबईत पोचली आणि काँग्रेस रेडिओवरून देशभर गेली. या प्रकाराच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी केलेलं 63 दिवसांचं उपोषण पुढचं.

पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून जागा बदलाव्या लागत. चौपाटीजवळची इमारत, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. भाषणं एका जागी ध्वनिमुद्रित करायची आणि तबकड्या दुसरीकडे नेऊन वाजवायच्या, अशीही व्यवस्था होती. 12 नोव्हेंबरला पोलीस दारं फोडून आत आले ते एका तंत्रज्ञानेच वाट दाखवल्यामुळे. खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलभाई आणि मोटवानी सुटले.

अलीकडे यावर चित्रपट निघाला, त्यात अपेक्षेप्रमाणे प्रक्षेपकाभोवतीचा थरार आहे. मला कुतूहल ऐकणाऱ्या मंडळींचं वाटतं. लंडनमध्ये ऑर्वेल आपल्याला हिंदुस्थानात कुणी ऐकत नाही, वेळ आणि पैसा वाया जातो आहे अशी खात्री पटून 1943 मध्ये नोकरी सोडून गेला. मुंबईतल्या या चोरट्या केंद्राला मात्र एक श्रोता असा लाभला, ज्याने कानात प्राण आणून ऐकलं आणि ऐकलेलं लिहून ठेवलं. तो म्हणजे सरकारचं खातं. काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं हे आज शब्दशः वाचता येतं, ते बव्हंशी सरकारने पाळतीवर बसवलेल्या माणसांनी उतरवून घेतलेल्या कागदांमुळे. उषा ठक्कर यांचं 2021 चं पुस्तक अशाच कागदपत्रांवर उभं आहे. चाळीतल्या श्रोत्यांनी मात्र काहीच लिहून ठेवलं नाही. लिहिलेलं सापडलं असतं तर शिक्षा त्यांनाही झाली असती.