गाणे सर्वांचे, नाव मात्र आपले!

जामनेर - खानदेशातील वरात आता अहिराणी गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. 'हाई झुमकावाली पोर' हे गाणे तर यूट्यूब आणि रील्सच्या माध्यमातून पुण्या-मुंबईच्या हळदी समारंभांपर्यंत पोहोचले. तावडी बोलीच्या जामनेर परिसरातही ते तितक्याच हौसेने वाजते. मात्र त्याचे गायक कोण आहेत, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? गाणे सर्वदूर जाते आणि कलावंताचे नाव मागे राहते, ही खानदेशी गायकांपुढील खरी अडचण आहे. तिचे उत्तर शोधताना अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडचे उदाहरण उद्बोधक ठरते.

कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचे एकच गाणे अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले, तेही १९८७ मध्ये. तरीही १९९५ मध्ये गिटारवादक जेरी गार्सिया यांचे निधन होईपर्यंत मैफलींतून मोठी कमाई करणाऱ्या बँडमध्ये त्याची गणना होत असे. डेव्हिड मीरमन स्कॉट व ब्रायन हॅलिगन यांनी २०१० मध्ये त्याच्या विपणनतंत्रावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

मुभा, पण अटीसह

इतर बँड मैफलीत ध्वनिमुद्रणास मज्जाव करीत असताना 'ग्रेटफुल डेड'ने १९८४ पासून त्यासाठी श्रोत्यांना वेगळी जागाच राखून दिली. अट एकच होती : कॅसेटची देवाणघेवाण करा, विक्री नको. प्रत्येक कॅसेट पुढच्या मैफलीची जाहिरात ठरली.

मात्र फुकट वाटणे हा या यशाचा अर्धाच भाग होय. १९७१ च्या अल्बमवर बँडने चाहत्यांना नाव-पत्ता कळविण्याचे आवाहन केले आणि रसिकांची यादी स्वतःजवळ ठेवली. १९८३ पासून तिकिटेही टपालाने थेट विकली. कवटी व विजेचे चिन्ह असलेल्या वस्तूंवरील हक्क त्यांनी जपला. गाणे मोकळे सोडले, नाव आणि रसिक मात्र हातचे जाऊ दिले नाहीत.

खानदेशासाठी धडा

आपल्याकडे हा धडा अधिकच लागू पडतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार विवाहाशी निगडित समारंभात गाणे वाजविल्यास स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ही बाब पुन्हा स्पष्ट केली. म्हणजे ज्या वरातींत अहिराणी गाणे सर्वाधिक वाजते, तेथून कलावंताला मानधन मागता येत नाही. त्याच्या पदरी पडते ती केवळ प्रसिद्धी, आणि नाव ठाऊक नसेल तर तीही नाही.

म्हणूनच चित्रफितीच्या आरंभीच गायक, गीतकार व संगीतकारांची नावे ठळक यावीत, कार्यक्रमाच्या नोंदणीसाठी थेट संपर्क द्यावा आणि चॅनेल शक्यतो स्वतःच्या मालकीचे असावे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना दिलेला रॉयल्टीचा हक्क विवाहाबाहेरील वापरासाठी उपयोगी पडतो; त्यासाठी संबंधित संस्थेचे सदस्यत्व घ्यावे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात नावाला किंमत असते, हे खानदेशच्या शेतकऱ्याला उमगले आहे. आता ते येथील कलावंतानेही ओळखावयास हवे.