छपराचा सांधा : शिसे, जस्त आणि कवेलू

मृगाच्या आधी सिंदी मेघे आणि वर्ध्याच्या जुन्या वस्त्यांमध्ये कवेलू फेरण्याची कामे निघतात. फुटलेले कवेलू बदलले, सरकलेले नीट बसवले, की घर पावसाळ्याला तयार झाले असे आपण मानतो. तरीही पहिल्या मोठ्या पावसात घर गळते, आणि बहुधा एकाच जागी : घर काटकोनात वळते तेथे, दोन उतार एकमेकांना भिडतात त्या खाचेत.

असे का होते? दोन्ही उतारांवरचे पाणी या खाचेत उतरते. प्रत्येक उताराखालची जागा १५ चौरस मीटर धरली आणि एका पावसात ५० मि.मी. पाणी पडले, तर त्या अरुंद वाटेने १५०० लिटर पाणी जाते. शिवाय तिरक्या खाचेपाशी कवेलू कापावे लागतात आणि त्यांची एकमेकांवर चढलेली साखळी तुटते. म्हणून तेथे खाली धातूची पन्हळ घालतात. आपल्याकडे ती जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची, म्हणजे टिनाची असते. इंग्लंड-फ्रान्समधील अनेक जुन्या घरांत हेच काम शिसे करते.

शिसे मऊ असते, ठोकून हव्या त्या आकारात बसते आणि हवेत त्यावर करडा, संरक्षक थर तयार होतो. पण त्याला एक खोड आहे. धातूचे तापमान केल्व्हिनमध्ये मोजले आणि ते वितळणबिंदूच्या साधारण चार दशांशाच्या वर गेले, की तो धातू स्वतःच्या वजनानेही हळूहळू सरकू लागतो. शिसे ६०० केल्व्हिनला वितळते. ६० अंश सेल्सिअस म्हणजे ३३३ केल्व्हिन. हे प्रमाण ०.५५ येते. लोखंड १८११ केल्व्हिनला वितळत असल्याने त्याच्यासाठी ते जेमतेम ०.१८ आहे. म्हणून उन्हात शिसे उतारावरून खाली ओघळते, लोखंड ओघळत नाही.

प्रसरणाचेही तसेच. पहाट आणि दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर तीन मीटर लांबीचे शिसे सुमारे साडेतीन मि.मी. वाढते, लोखंडी पत्रा दीड मि.मी. दोन्ही टोके खिळ्यांनी जखडली तर ही वाढ जाणार कोठे? पत्रा फुगतो, रात्री ताणला जातो आणि काही वर्षांनी शिशाला चीर पडते; टिनाच्या पत्र्यात खिळ्याचे भोक रुंदावते. म्हणून शिशाचे कारागीर साधारण दीड मीटरचे छोटे तुकडे वापरतात आणि वरचे टोक पक्के करून खालचे मोकळे ठेवतात. आपल्या टिनालाही हाच नियम लावावा : वरचा तुकडा खालच्यावर १५ सें.मी. चढवावा, कडा वर वळवाव्यात, खिळे कडेलाच मारावेत. पाण्याच्या वाटेत एकही नको.

मग आपणही शिसेच का वापरू नये? कारण ते विषारी आहे, विशेषतः मुलांच्या मेंदूला. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, तेव्हा छपरावरचे शेकडो टन शिसे आगीत सापडले. त्याची धूळ आसपास पसरली आणि मुलांच्या रक्तातील शिसे तपासावे लागले.

टिनाचे आयुष्य जस्ताच्या थरावर अवलंबून असते. दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, २७५ ग्रॅम जस्त असेल तर प्रत्येक बाजूचा थर सुमारे १९ मायक्रॉनचा होतो. (जस्ताची घनता ७.१४ घेऊन विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे.) जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. ओले सिमेंट आणि कुजणारा पाला हा थर लवकर खातात. पत्र्यावर बांधलेली तांब्याची तारही तेच करते. तीन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवा : एक नुसता, एक जस्ताच्या पट्टीत गुंडाळलेला, एक तांब्याच्या तारेने वेढलेला. काही दिवसांत फरक डोळ्यांना दिसेल.

यावरून पन्हळ कधी बदलायची तेही ठरते. पांढरी भुकटी दिसली तर जस्त झिजू लागले आहे. पाला काढा, पन्हळ कोरडी राहील असे पाहा. तांबडा गंज पसरला असेल तर जस्त संपले. आता पत्राच बदलावा. पुष्कळदा लोक त्यावर डांबर किंवा सिमेंट थापतात. त्याला ऊन-थंडीने चिरा पडतात, पाणी आत शिरून अडकते आणि खालचे लाकूड गुपचूप कुजते. पुढे तेच लाकूड पाहून सारे घरच मोडकळीला आले असे ठरते आणि एका पत्र्यापायी चांगले छप्पर उतरवले जाते.

सेवाग्राम आश्रमातल्या, १९३६ पासून उभ्या राहिलेल्या माती-बांबू-कवेलूच्या कुट्या आजही उभ्या आहेत, त्या वेळोवेळी होणाऱ्या डागडुजीमुळे. जुनी घरे टिकवायची तर कवेलू फेरताना कारागिराला खाचेतले कवेलू उचलून खालचा पत्रा पाहायला सांगावे. शाळेची इमारत कवेलूची असेल तर हे काम मे महिन्यातच उरकावे. मुलांना मात्र छपरावर चढू देऊ नये.